मुंबईत नवे आहात आणि जीव घाबराघुबरा होतो? आधी एक चाळीस पानी वही घ्या

मी लातूरची. लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्सला लागले आणि राहायला डोंबिवलीत, तिघींच्या खोलीत. पहिले तीन महिने मजेत गेले, निदान घरी फोनवर तरी मी तसंच सांगायचे. चौथ्या महिन्यात एका सोमवारी ठाण्याच्या अलीकडे, लेडीज डब्यात, दोन बाजूंनी दोन पर्सा बरगड्यांत रुतलेल्या असताना छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घशाला कोरड. वाटलं, संपलं आता. मेथी निवडत बसलेल्या एका काकूंनी पिशवी उचलली, मला त्यांच्या जागी बसवलं आणि म्हणाल्या, "पहिल्यांदाच होतंय का गं? मला वर्षभर व्हायचं."

त्यांनी मला ठाण्याला उतरवून दिलं. ईसीजी निघाला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." पुढचे पाच महिने 'टेन्शन न घेणं' म्हणजे नेमकं करायचं काय, हे शोधण्यात गेले. त्यात पैसे गेले, वेळ गेला, एका ठिकाणी चक्क फसले. तुमचं तसं होऊ नये म्हणून जे जमलं ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

१. आधी शरीर तपासून घ्या

हे टाळू नका. छातीत दुखणं, धाप, डाव्या हातात कळ हे पहिल्यांदा होत असेल, तर 'पॅनिक असेल', म्हणजे नुसता भीतीचा झटका, असं स्वतःच ठरवायचं नाही. सरळ डॉक्टर, नाहीतर १०८ ला फोन. गाडीत असाल तर पुढच्या मोठ्या स्टेशनात उतरा आणि स्टेशन मास्तरांना गाठा.

तातडीचं नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ एवढं एकदा बघून घ्या. थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड होते, हात थरथरतात आणि रक्त कमी असलं तरी जिना चढताना धाप लागते. मुंबईत राहत असाल तर पालिकेच्या 'आपला दवाखाना'त तपासणी फुकट होते. माझं हिमोग्लोबिन ९ निघालं. म्हणजे मी ज्याला निराशा म्हणत होते, त्यातला बराचसा भाग लोहाच्या गोळ्यांनी गेला. हसू नका.

पोटाच्या जळजळीबद्दलही एक सांगते. हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की त्रास कुठलाही दिला तरी शरीर साधारण एकाच ठरावीक तऱ्हेने झिजतं, आणि त्यात जठराला व्रणही पडतात. तेव्हापासून 'टेन्शनमुळे अल्सर' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण माणसाच्या पोटातले बहुतेक अल्सर होतात ते हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे, नाहीतर वेदनाशामक गोळ्यांच्या माऱ्यामुळे. हा जिवाणू शोधणाऱ्या दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. तेव्हा महिनोन्महिने जळजळ असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, ध्यानधारणेच्या शिबिराला नंतर.

२. वही घ्या आणि चार रकाने आखा

मोबाईलमध्ये नको. मोबाईल उघडला की ऑफिसचा ग्रुप दिसतो, आणि मग नोंद बाजूला राहून भलतंच सुरू होतं. चाळीस पानी वही पर्समध्ये मावते. रकाने असे: कधी आणि कुठे, अंगात काय झालं, मनात काय वाक्य आलं, मी काय केलं. बाजूला दहापैकी किती, तो आकडा.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"सोम. ८:५०, कुर्ला सोडलं, दादरच्या आधी सिग्नलला उभी. छाती धडधड, मान आखडली, ७. मनात: तिसरा लेट मार्क, अर्धा दिवस कापणार, सर सगळ्यांसमोर बोलणार. केलं: चार वेळा घड्याळ पाहिलं, सरांना मेसेज टाइप करून खोडला."

चौदा दिवस लिहा. दोन आठवड्यांत दोन सोमवार, दोन रविवार संध्याकाळी, एखादा मेगाब्लॉक, एखादी पगाराची तारीख किंवा घरभाड्याची तारीख असं सगळं येऊन जातं. मधे उपाय सुरू करायचा मोह होईल, करू नका. नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

चौदा दिवसांनी मी मोजलं. एकतीस नोंदी होत्या, आणि त्यातल्या एकोणीसमध्ये 'लेट मार्क' हा शब्द होता. गर्दीबद्दल फक्त चार. मी मात्र तोवर सगळ्यांना सांगत होते की मला लोकलची गर्दी सहन होत नाही, आणि घर बदलून परळला खोली घ्यायच्या बेतात होते, दुप्पट भाडं देऊन!

३. 'टेन्शन' हा शब्द चौदा दिवस बंद

या लेखातलं हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा लांबण लावते.

आपण मराठी माणसं हल्ली सगळ्यालाच टेन्शन म्हणतो. परीक्षा आली, टेन्शन. भांडण झालं, टेन्शन. आई आजारी, टेन्शन. डोक्यात एवढी एकच बरणी असली की त्यात तिखटही तेच आणि हळदही तीच. आपल्या भाषेत खरं तर बरण्यांची फळी भरलेली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव आणि ते कमी पडतील म्हणून तेहेतीस संचारी भाव मोजलेत. त्यात ग्लानी वेगळी, श्रम वेगळा, दैन्य वेगळं, चिंता वेगळी. (आणि गंमत म्हणजे 'उत्साह' हा स्थायीभाव आहे. प्रेरणेवरच्या भाषणांना शंभर रुपये तिकीट काढून जाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

वहीत मी या शब्दांनी सुरुवात केली:

धास्ती: पुढे काहीतरी ठरावीक घडणार याची भीती. सोमवारची मीटिंग.
घालमेल: दोन्हीकडून ओढ. नोकरी सोडावी की राहावं.
हुरहुर: लांबच्या माणसाची. माझी रविवारी संध्याकाळी पाचनंतर ठरलेली.
उबग: तेच ते पुरे झालं.
शीण: मनाचा काही संबंध नाही, अंग दमलंय.
अपमान: हा लिहायला मला आठवडा लागला.
मरगळ: काहीच नको वाटणं. ही सलग दिसायला लागली तर सातवी पायरी वाचा.

शब्द बदलला की उपाय बदलतो. शिणाला झोप लागते. हुरहुरीला फोन. धास्तीला माहिती लागते, म्हणजे मीटिंगमध्ये नक्की काय विचारणार हे आधी विचारून घेणं. आणि अपमानावर झोप काढून उपयोग नसतो, त्यावर कुणाशी तरी बोलावंच लागतं. मी लेट मार्कला 'धास्ती' लिहीत होते. पाचव्या-सहाव्या नोंदीला कळलं, की कापल्या जाणाऱ्या पैशांची मला फारशी भीती नाही. सगळ्यांसमोर नाव घेतात, ते लागतं.

नुसतं नाव दिल्याने फरक पडतो का, अशी शंका मलाही होती. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव द्यायला सांगितलं तेव्हा भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. प्रयोगशाळेतली गोष्ट लोकलमध्ये जशीच्या तशी लागू होईल असं नाही, पण आजी 'बोलून टाक, मोकळी हो' म्हणायची ते अगदीच हवेतलं नव्हतं.

इथला सापळा: वही म्हणजे तक्रारवही होऊ देऊ नका. मी एकदा सरांवर चार पानं लिहिली आणि रात्री दोनपर्यंत जागी राहिले. एका नोंदीला चार ओळी, बस्स.

४. गर्दीत धडधड सुरू झाली तर

धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात पळतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे जातं. शरीरक्रियेचे अभ्यासक वॉल्टर कॅनन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी याला 'लढा किंवा पळा' असं नाव दिलं. अडचण एवढीच, की पावणेनऊच्या डब्यात लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. शरीर मात्र दोन्हीची तयारी करून बसलेलं.

मी जे करते ते असं: चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर सोडायचा श्वास लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. मोठमोठे श्वास घाईने घेऊ नका. मी तसं केलं आणि मुंग्या वाढल्या, कारण त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. डोळे मिटून घेऊ नका, दाराच्या वरचा स्टेशनांचा नकाशा वाचा. पॅनिकची लाट काही मिनिटांत शिखर गाठते आणि उतरायला लागते. माझी घाटकोपरला वर जायची आणि कुर्ल्यापर्यंत खाली यायची.

दर वेळी मधेच उतरून जाण्याची सवय लावून घेऊ नका. उतरलं की बरं वाटतं, आणि मग मेंदू शिकतो की गाडीच धोक्याची. मी दोन आठवडे रोज ठाण्याला उतरत होते, तिसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या नुसत्या नावानेच धडधड व्हायची. ईसीजी वगैरे होऊन डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं असेल तरच हे, नाहीतर पहिली पायरी.

आणि हो, स्टेशनवरचा रिकाम्या पोटीचा कटिंग चहा बंद. कॅफिनची निम्मी मात्रा अंगातून जायला पाचेक तास लागतात. दिवसभराचे सहा कटिंग म्हणजे रात्री अकराला तुम्ही अजून अर्धे ऑफिसातच.

५. ताणाचे दोन ढीग करा

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेली गोष्ट मला फार कामाची वाटली. ताण नुसत्या घटनेत नसतो. 'यात माझं काय बिघडणार आहे' आणि 'मला हे झेपेल का' या दोन प्रश्नांची उत्तरं आपण मनात देतो, त्यात तो असतो. म्हणून उपायही दोन जातींचे: परिस्थिती बदलायची, किंवा आपली उलघाल शांत करायची.

वहीतल्या नोंदी दोन पानांवर वाटा. पाऊस, सिग्नल बिघाड, बाबांची निवृत्ती: हे माझ्या हातात नाही. माझी कामावर पोचण्याची वेळ, डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी पकडणं, खोलीतल्या मुलीशी लाइट बंद करण्यावरून बोलणं: हे आहे. चुकतं कुठे, तर जे हातात आहे त्यावर आपण श्वास मोजत बसतो, आणि जे नाही त्यावर रात्रभर योजना आखतो. मी साडेनऊऐवजी दहाची वेळ मागितली. पाच महिने जे बोलायला घाबरत होते ते बोलायला चार मिनिटं लागली. सर म्हणाले, "आधी का नाही बोललात?" (सगळे सर असं म्हणत नाहीत, हेही खरं.)

ऑफिसातल्या प्रशिक्षणात 'थोडा ताण चांगलाच असतो' म्हणत एक टेकडीसारखा आलेख दाखवतात. तो १९०८ च्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगावरून आलाय. पांढऱ्या आणि काळ्या पेट्यांतून योग्य ती निवडायला उंदरांना शिकवलं, चुकले की विजेचा झटका. सोप्या कामात झटका जोरदार असला तर उंदीर लवकर शिकले, पण अवघड कामात मध्यम झटकाच बरा ठरला. म्हणजे ताळेबंद जुळवण्यासारखं किचकट काम करणाऱ्याला जास्त धाक दाखवून फायदा नाही, असा त्याचा अर्थ निघतो. तो भाग प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.

६. हुरूप येण्याची वाट पाहू नका

माझा सीए इंटरचा एक ग्रुप राहिला होता. 'मूड आला की बसते' म्हणत वर्ष गेलं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'जर-तर' बेताचा अभ्यास केला आहे: नुसतं 'अभ्यास करायचा' न ठरवता कधी, कुठे, कशानंतर हे आधीच बांधून ठेवायचं. माझे दोन बेत: 'परतीच्या गाडीत बसायला मिळालं, तर मुलुंडपर्यंत एक गणित.' 'रिक्षाच्या रांगेत उभी राहिले, तर आईला फोन.' एवढेच. पाच बेत केले होते, त्यातले तीन आठवड्याभरात गळले.

स्वतःला बक्षिसं लावताना जपून. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांकडे वळणं त्यांच्यात कमी झालं. आधीपासून आवडीने करत असलेल्या गोष्टीला वडापावचं आमिष लावू नका. कंटाळवाण्या कामाला खुशाल लावा.

७. मदत कधी, आणि कुणाकडे

दोन आठवडे जवळजवळ रोज मरगळ, झोप-भूक बिघडलेली, कामावर जाववत नाही, असं असेल तर नुसत्या वहीवर थांबू नका, मदत घ्या. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आत्ताच १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं.

पाट्या वाचताना गोंधळ होतो, म्हणून:

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. इथल्या तिघांपैकी औषध तेच देऊ शकतात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो.
चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करणारे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी लागते, ती विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.
समुपदेशक यांत उत्तम माणसंही आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही. कुठे, किती वर्षं शिकलात, हे विचारा.

मी फसले ती इथे. एका चकचकीत जागी बारा बैठकांचं पॅकेज आगाऊ भरलं. तिसऱ्या बैठकीत मला रत्न सुचवण्यात आलं. पैसे परत मिळाले नाहीत. आगाऊ पॅकेज, 'शंभर टक्के गुण' आणि 'गोळ्या ताबडतोब बंद करा' यातलं काहीही कानावर पडलं की पर्स उचलायची.

८. ओपीडीला जाताना

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही पालिकेची आणि भायखळ्याचं जेजे हे राज्य सरकारचं, या सगळ्यांत मनोविकार विभाग आहे. खर्च नाममात्र, पण वेळ जातो. पूर्ण दिवसाची सुट्टी टाका, अर्ध्या दिवसात होत नाही.

पिशवीत काय: आधार कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि ईसीजी, चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं (नाव आठवत नाही, पाकीट दाखवता येतं), सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, डबा आणि वही. सकाळी लवकर जाऊन आधी केस पेपर, मग विभागात नंबर. आत तरुण निवासी डॉक्टर बराच वेळ प्रश्न विचारतात, मग वरिष्ठ बघतात. खोलीत आणखी कुणी असेल आणि बोलायला संकोच वाटत असेल तर 'एकटीला बोलायचंय' म्हणा, म्हणता येतं. माझी वही त्यांनी उलटून पाहिली आणि निम्मे प्रश्न कमी झाले.

गोळ्या दिल्या तर पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही म्हणून सोडू नका. नैराश्यावरच्या बहुतेक औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका.

ऑफिसला कळेल का? तुम्ही सांगितलं तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. मात्र पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का ते वेगळं तपासा. बऱ्याच पॉलिसींत तो कुठल्याच आजाराला बसत नाही.

९. घरी काय सांगायचं

मी आधी खोटं बोलले. "झोपेच्या डॉक्टरांकडे गेले होते." मग आईने रोज फोनवर किती तास झोपलीस ते विचारायला सुरुवात केली, आणि जायफळाचं दूध प्यायचा आग्रह. तिसऱ्या आठवड्यात वैतागून खरं सांगितलं: केईएम, मनोविकार विभाग, रोज एक गोळी, महिन्याने तारीख.

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "तुला गाडीत होतं तसं मला पहाटे होतं. बाबा रिटायर झाल्यापासून. मी म्हटलं गॅस असेल."

मी तिला १४४१६ सांगितला. तिने तो दोनदा म्हणून घेतला आणि कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला.